हँगरचा कोबा

मिशनरी विमानसेवेला विमान द्यायला देणगीदार मिळतात. विमानाचा फोटो काढता येतो, दारापाशी कुणाच्या तरी स्मरणार्थ एक ओळ रंगवता येते, आणि वाळवंटातल्या पट्टीवर ते उतरताना धावत येणारी मुलं पाहून कुणाचंही मन हलतं. पण त्याच विमानाला उभं राहायला लागणारं छप्पर, पंखांखाली लावायचे जॅक, इंधनात पाणी आहे का ते पाहायच्या कुप्या, भांडारातला तापमान मोजायचा काटा, यांच्यासाठी कुणापुढे पदर पसरायचा? नैरोबीच्या विल्सन विमानतळावरच्या एका छोट्या ख्रिस्ती विमानसेवेसाठी मी गेली काही वर्षं हेच काम करते. हँगरच्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडच्या, कोब्यासाठी पैसे कसे उभे केले ते इथे लिहिते आहे, कारण आपल्याकडे या बाजूबद्दल कुणी बोलत नाही.

मी नाशिकची, शरणपूरच्या ख्रिस्ती मंडळीतली. नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात झाली, तीही भांडार विभागात. सुट्या भागांची आवक-जावक, त्यांचे टॅग, रबरी वॉशरची मुदत, कुलूपबंद पिंजऱ्यात ठेवायचा नाकारलेला माल, यात उभं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर मुलाकडे नैरोबीला आले. इथल्या उपासनेत या विमानसेवेच्या मुख्य अभियंत्याची ओळख झाली. मी कुठे काम केलं हे कळल्यावर त्याने आधी भांडार दाखवलं आणि मग अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. इथे वडीलधाऱ्या बाईला ‘मामा’ म्हणतात. तो म्हणाला, “मामा, पायलटला पैसे मागता येतात. मला नाही येत. मी जे मागतो ते लोकांना दिसतच नाही.”

या सेवेचं अर्थकारण आधी सांगायला हवं. आमच्याकडे सेसना कॅरॅव्हॅन जातीची विमानं आहेत. एकच टर्बाइन इंजिन, खडबडीत पट्टीवर चालणारी पक्की चाकं, पोटाखाली सामानाची पेटी. पूर्वी अशा सेवा पिस्टन इंजिनाची छोटी सेसना २०६ चालवत. तिला अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल, लागतं. ते आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, मिळालं तर पिंपांतून आणावं लागतं आणि महाग पडतं. टर्बाइनला मोठ्या विमानांचं जेट ए-१ चालतं. म्हणून जगभरच्या मिशन सेवा हळूहळू टर्बाइनकडे वळल्या. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात तयार झालेलं, २००७ मध्ये प्रमाणपत्र मिळालेलं कोडियाक विमान तर मिशनच्या कामाची गरज डोळ्यांपुढे ठेवूनच आखलं गेलं, आणि त्याच्या जडणघडणीत मिशन सेवांचा व त्यांच्या देणगीदारांचा पैसा होता.

प्रवासी आमच्याकडे भाडं देतात. उत्तरेकडच्या दवाखान्यात जाणारे डॉक्टर, बायबलचं भाषांतर करणारे, शाळेचे शिक्षक, लशींची खोकी पाठवणारी संस्था, सगळे देतात. पण ते भाडं मुद्दाम खर्चाहून कमी ठेवलेलं असतं, नाहीतर तुर्काना सरोवराच्या पलीकडचा दवाखाना आम्हाला बोलावूच शकणार नाही. कोरडी नदी, जिला इथे लग्गा म्हणतात, पावसात फुगली की त्या भागातला रस्ता बंद होतो आणि मग विमानाशिवाय काही जात नाही. भाड्यातून इंधन, विमानतळाचे आकार आणि काही पगार निघतात. शिवाय उडालेल्या प्रत्येक तासामागे ठरावीक रक्कम इंजिनासाठी बाजूला पडते. कॅरॅव्हॅनच्या इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, ठरल्याप्रमाणे ३६०० तासांनी येतं आणि त्याचं बिल काही लाख डॉलरचं असतं. भिशीसारखा तो पैसा दर तासाला टाकत राहायचा आणि नंबर लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. नवं कॅरॅव्हॅन घ्यायचं तर २० लाख डॉलरच्या पुढे. ते देणगीशिवाय होतच नाही.

मधली जागा राहते ती हँगर आणि हत्यारांची. भाड्यातून ती भागत नाही आणि देणगीदारांना ती दिसत नाही.

असं आजच होतंय असंही नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या ख्रिस्ती वैमानिकांनी अमेरिकेत ही कल्पना उभी केली आणि २३ फेब्रुवारी १९४६ला बेटी ग्रीन ही वैमानिक बाई वाको जातीचं लाल दुपंखी विमान घेऊन मेक्सिकोकडे निघाली. मिशन एव्हिएशन फेलोशिपचं ते पहिलं उड्डाण. त्याच वर्षी दुसऱ्या वैमानिकाच्या हातून ते विमान उतरताना मोडलं आणि ते जुळवायला नेट सेंट नावाच्या तरुण मेकॅनिकला मेक्सिकोच्या जंगलात जावं लागलं. ब्रिटनमधून १९४८ मध्ये जॅक हेमिंग्ज आणि स्टुअर्ट किंग हे दोघं माइल्स जेमिनी विमानातून आफ्रिकेची पाहणी करायला आले. त्यांचंही विमान बुरुंडीच्या डोंगरात कोसळलं, दोघं सुदैवाने वाचले. या गोष्टी सांगताना लोक वैमानिकांचं धैर्य सांगतात आणि ते खरंच आहे. मला मात्र त्यांत नेहमी दिसतो तो जंगलात लाकडाच्या पट्ट्या जुळवत बसलेला मेकॅनिक. पान्हे, गोंद, कापड, सगळं कुणीतरी पैसे देऊन घेतलेलं असणारच.

आमच्या हँगरचा कोबा जुना होता. जागोजागी फुटलेला, भेगांतून सिमेंटची भुकटी निघायची आणि तेलाचे काळे डाग इतके मुरलेले की नवा थेंब कुठून पडला ते कळायचं नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, फरशीच ती. पण अभियंत्याने मला एकदा विमानाखाली गुडघ्यावर बसवून दाखवलं. प्रॉपेलरचं आवरण उतरवताना एक वॉशर हातातून निसटला. नखाएवढा, कोब्याच्याच रंगाचा. तो सापडेपर्यंत काम पुढे न्यायचं नाही हा नियम आहे, कारण तो इंजिनाच्या खोबणीत अडकला असेल की जमिनीवर पडला असेल हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. दोन मेकॅनिक विजेरी घेऊन भेगांत शोधत राहिले, एकाने चुंबक फिरवलं, पण वॉशर स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला लागेना. विमान दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेकडच्या मार्साबिटला जायचं होतं. शेवटी भेगेतली भुकटी ब्रशने झाडल्यावर तो मिळाला.

फिकट राखाडी इपॉक्सीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या लेपाचा, गुळगुळीत थर असेल तर पडलेली पिन लगेच दिसते, तेलाचा ताजा थेंब दिसतो आणि तो कोणत्या नळीखाली पडला तेही कळतं. भुकटी उडत नाही. आणि इंधन फवारणाऱ्या नोझल काढून उघड्या ठेवलेल्या छिद्रांतून बोरस्कोप, म्हणजे आतलं दाखवणारी बारीक नळी, आत घालून इंजिनाची पाती तपासतो तेव्हा त्या छिद्रांतून धूळ आत जाता कामा नये. एकच इंजिन असलेल्या विमानात याला किती महत्त्व आहे हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं अर्जात कसं लिहायचं हा पुढचा प्रश्न. बऱ्याच प्रतिष्ठानांच्या नियमांत पहिल्याच पानावर असतं की बांधकामाला निधी मिळणार नाही. त्यामागे त्यांचं कारण आहे. अर्धवट राहिलेल्या इमारती त्यांनी पुष्कळ पाहिलेल्या असतात. आम्ही नवं काही बांधत नव्हतो, म्हणून मी अर्जाची सुरुवात नियमापासून केली. केनियात विमानाची देखभाल करणाऱ्या संस्थेला नागरी उड्डाण प्राधिकरणाची मान्यता लागते आणि त्या मान्यतेत जागेबद्दलही अटी असतात. पुरेसा उजेड, धूळ-ओल यांपासून बचाव, चांगला आणि नाकारलेला माल वेगवेगळा ठेवायची सोय. कोबा, दिवे, तेल अडवणारी नाली, भांडाराची जाळी, अशा प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या अटीशी जोडलेली आहे ते लिहिलं. शीर्षकात बांधकाम हा शब्द आलाच नाही, कारण ते बांधकाम नव्हतंच. ती देखभालीची सुरक्षितता होती.

अर्जात एक रकाना असतो, या निधीतून किती लोकांना लाभ होईल. विमानाच्या बाबतीत तो भरायला सोपा. कोब्याच्या बाबतीत लोक तिथे काहीतरी मोठा आकडा ठोकून देतात. मी दिला नाही. मागच्या नोंदवह्या काढल्या, कोणत्या दिवशी विमान देखभालीत वेळ लागल्याने उशिरा निघालं, त्या दिवशी त्यात कोण जाणार होतं, हे जसंच्या तसं मांडलं. सर्जनची तुकडी, प्रसूतीला अडलेली बाई, पुस्तकांची खोकी. नावं नाहीत, फोटो नाहीत. आजारी माणसाचा चेहरा लावून पैसे मागायचे नाहीत हे आमच्या समितीने फार आधी ठरवलेलं आहे आणि मला ते मनापासून पटतं. स्ट्रेचरवरच्या बाईला कुणी विचारलेलं नसतं की तुझा फोटो परदेशातल्या माहितीपत्रकावर छापू का.

प्रतिष्ठानाच्या माणसाने व्हिडिओवर बरेच प्रश्न विचारले. तीन दरपत्रकं कुठे आहेत, स्वस्त कंत्राटदार का नाही घेतला, इपॉक्सी किती वर्षं टिकेल, जागेचा भाडेपट्टा कधी संपतो. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. विमानतळाची जमीन आपली नसते, ती पट्ट्याने असते, आणि पट्टा संपत आलेला असेल तर कुणी शहाणा माणूस तुमच्या कोब्यात पैसे घालणार नाही. ज्यांना असं काही मागायचं असेल त्यांनी आधी पट्ट्याचा कागद नीट करून घ्यावा, मग बाकीचं लिहायला बसावं. असे प्रश्न कुणी विचारले की मला राग येत नाही. ओझरला ऑडिटच्या आठवड्यात याहून कडक प्रश्न असत. उलट जो देणगीदार काहीच विचारत नाही त्याच्याकडे मी जरा जपूनच पाहते.

वस्तूरूप देणग्यांचाही एक मोठा विषय आहे. परदेशातले निवृत्त वैमानिक प्रेमाने खोकी पाठवतात. आत जुनी चाकं, ब्रेकचे भाग, उपकरणं, एखादं बॅटरीचं चार्जर. हेतू सोन्यासारखा. पण विमानात बसवायच्या भागाबरोबर तो कुठे तपासला गेला, कुणी मंजूर केला, याचं प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेतून आला तर तिथल्या विमान नियामकाचा, एफएएचा, ८१३०-३ फॉर्म, युरोपातून आला तर तिथल्या नियामकाचा, इएएसएचा, फॉर्म १. कागद नसेल तर भाग कितीही चकचकीत असो, तो आमच्यासाठी लोखंड. ते खोकं कस्टममधून सोडवायला मात्र पैसे जातात. म्हणून आता आम्ही एक पत्र तयार ठेवलं आहे. काय पाठवावं, काय पाठवू नये, आणि पाठवण्याआधी कागदाचा फोटो पाठवा. पत्र लिहिताना मला वाईट वाटत होतं, देणाऱ्याचा हात आपण मागे सारतो आहोत असं वाटायचं. पण तसे भाग भांडारात पडून राहिले तर घाईच्या रात्री कुणीतरी त्यांच्याकडे वळेल, ही भीती त्याहून मोठी.

प्रतिष्ठानाने जानेवारी २०२४ मध्ये निधी मंजूर केला. रक्कम डॉलरमध्ये, काम केनियाच्या शिलिंगमध्ये. तेव्हा एका डॉलरला साधारण १६० शिलिंग मिळत होते. करार, सह्या, बँकेची कागदपत्रं यात महिने गेले. पैसे खात्यात आले तोवर शिलिंग सावरून १३० च्या आसपास आला होता. देशाच्या दृष्टीने ती चांगली बातमी. आमच्या हिशेबात मात्र तेवढेच डॉलर जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी भरले. कंत्राटदाराचा दर तोच, कोबा तेवढाच. प्रतिष्ठानाकडे वाढीव रक्कम मागायची सोय करारात नव्हती. अर्धाच कोबा करून घ्यावा असा एक सूर समितीत होता. मला तो मान्य नव्हता. अर्ध्या भागातली भुकटी उरलेल्या अर्ध्यावर येणारच.

तेव्हा इथल्या एका वडील सभासदाने हरांबी सुचवली. हरांबी म्हणजे सगळ्यांनी मिळून उचलायचं, आणि या देशाच्या राजमुद्रेवरच हा शब्द आहे. १९६३ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हापासून कितीतरी शाळा आणि दवाखाने या पद्धतीने उभे राहिले. लग्नाला, शिक्षणाला, इस्पितळाच्या बिलालाही हरांबी होते. मला धाकधूक होती की गोऱ्यांचं समजलं जाणारं विमान, त्याच्या फरशीसाठी नैरोबीतल्या पगारदार माणसांनी का द्यावं?

उपासनेनंतर मांडवात लोक बसले. अभियंत्याने मोठं भाषण केलं नाही. त्याने इंधन तपासायची कुपी आणली होती आणि दोन बाटल्या. एका बाटलीतलं इंधन कुपीतून ओढलं, आतला पिवळा कागद पिवळाच राहिला. दुसरीत त्याने चमचाभर पाणी घालून हलवलं होतं. कागद हिरवट-निळा झाला. तो म्हणाला, रोज सकाळी पहिलं उड्डाण व्हायच्या आधी हे आम्ही बघतो, आणि आम्ही जमिनीवर काय करतो ते तुम्हाला दाखवावं म्हणून आलो. लोक उठून जवळ आले, बाटल्या हातात घेऊन पाहू लागले. मग त्याने कोब्याचा फुटका तुकडा आणि फिकट इपॉक्सीची पाटी शेजारी ठेवली आणि दोन्हींवर एकेक वॉशर टाकला.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी शरणपूरचं सांगितलं. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात नाशिकच्या मिशनशाळेत शिकली. त्यांतला जेकब वेनराइट डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या काळात त्याच्या मदतीला आला होता, आणि १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचं शव समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. नाशिकमधली अशी बरीच माणसं पुढे मोंबासाजवळच्या फ्रियरटाउनमध्ये वसली. किनाऱ्याकडचे एक आजोबा लगेच म्हणाले, फ्रियरटाउनची घंटा अजून आहे, मी पाहिली आहे. माझ्या गावाहून इथे माणसं आली, त्यांना चालत जावं लागलं, आज आपल्याला विमान आहे, ते नीट ठेवू या, एवढंच मी बोलले.

बहुतेक रक्कम मोबाइलवरून, एम-पेसाने आली. एकाने कोंबडी आणली, एका बाईने केळ्यांचा घड, आणि त्यांचा तिथेच लिलाव झाला. आपल्याकडे हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या उपासनेला, देवळात आणलेल्या भाजीचा, धान्याचा, अंड्यांचा लिलाव होतो, त्यात मी लहानपणापासून बसलेली आहे. तो घड एकाने घेऊन परत लिलावात दिला, दुसऱ्याने घेऊन पुन्हा दिला. मला वाटलं होतं थोडीफार रक्कम होईल. तूट तर भरलीच, वर थोडे उरले. प्रत्येकाला पावती दिली, दहा शिलिंगवाल्यालाही, आणि उरलेल्या पैशांतून काय घ्यायचं ते त्याच सभेत विचारून ठरवलं.

नाशिकच्या पाळकसाहेबांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. भारतातल्या ट्रस्टने परदेशातल्या कामावर खर्च करायला करखात्याची परवानगी वगैरे लागते, म्हणून तिथे पैसे मागितले नाहीत. त्यांनी रविवारी उपासनेत प्रार्थना केली आणि कॅरॅव्हॅनचा फोटो मंडळीच्या फलकावर लावला.

एप्रिल-मे २०२४ मध्ये नैरोबीत पावसाने हाहाकार केला, घरं बुडाली. ओल्या कोब्यावर इपॉक्सी धरत नाही, त्यामुळे काम पुढे ढकललं. जुलैत सुरू झालं. इथला जुलै थंड, साडेपाच हजार फुटांवरचा, आणि थंडीत थर वाळायला जास्त वेळ लागतो. शेजारच्या एका हँगरवाल्याने आमची विमानं ठेवून घेतली, पैसे न घेता. आधी घासणारी मशीन फिरली. मग भेगा भरल्या, एक थर, त्यावर दुसरा. विमानाचं चाक त्यावर फिरवायच्या आधी अभियंत्याने बूट काढून मोज्यांनी चालून पाहिलं आणि वाकून कोपरे बघत राहिला.

आता त्या फिकट जमिनीवर एक बारीक स्प्लिट पिन पडली तरी दारातून दिसते. देखभालीची वही पाहिली तर हरवलेलं हत्यार किंवा भाग शोधण्यात जाणारा वेळ नक्की कमी झाला आहे.

हरांबीतल्या उरलेल्या पैशांतून टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती आवळला ते मोजणारे पान्हे, कॅलिब्रेट करून, म्हणजे त्यांचं माप तपासून, आणले. ते वर्षातून एकदा करावंच लागतं आणि त्यासाठी आजवर कुणीही देणगी दिलेली नव्हती. सध्या अर्ज चालू आहे तो इंजिनाचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारा भाग, धुण्याच्या गाडीसाठी. मुरमाच्या पट्ट्यांवरून उडताना धूळ आत जाते, पात्यांवर बसते, इंजिन तापतं, आणि वेळच्या वेळी शुद्ध केलेल्या पाण्याने धुतलं नाही तर ३६०० तासांची गोष्टच राहत नाही. आत्ता हे काम आम्ही जुन्या फवारणीच्या टाकीने करतो. दोन दरपत्रकं आली आहेत, तिसऱ्याची वाट पाहते आहे. यावेळी अंदाजपत्रकात विनिमयदरासाठी वेगळी ओळ घातली आहे आणि प्रतिष्ठानाने ती मान्य केली आहे.